आजोबांची फियाट इलेक्ट्रिक करायचीय? स्पॅनर उचलण्याआधी आरसीवरचं वर्ष बघा

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्त्यांमधून फिरलं, की एखाद्या वाड्याच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी हमखास दिसते. कुठे प्रीमियर पद्मिनी, कुठे ॲम्बेसेडर, कुठे पहिल्या पिढीची मारुती ८००. घरचे विकायला तयार नसतात. आणि मेकॅनिकचं एकच म्हणणं असतं, "लय भारी गाडी हाये बाप्पा, पण हिचे पार्ट आता कुठी भेटते?"

अशातच मोबाइलवर रील येते. जुन्या गाडीतून इंजिन उतरवलं जातं, त्या जागी एक मोटर बसते, डिकीत बॅटऱ्या जातात आणि गाडी आवाज न करता निघून जाते. साठ सेकंदांत सगळं झालेलं असतं. मग घरातल्या तरुणाच्या डोक्यात विचार येतो, की हे आपल्या गॅरेजमध्येही होऊ शकतं.

तांत्रिकदृष्ट्या हे होऊ शकतं, यात शंका नाही. लेथवाला, वेल्डर आणि विजेचं काम कळणारा माणूस, हे तिन्ही अमरावतीत मिळतात. पण अशी गाडी रस्त्यावर आणता येईल की नाही, हे गॅरेजमध्ये ठरत नाही. ते ठरतं आरसी बुकावर लिहिलेल्या एका वर्षावर. ते वर्ष न बघता इंजिन उतरवलं, तर चालू गाडीही हातची जाते आणि लाखो रुपयेही.

म्हणून गाडी इलेक्ट्रिक करण्याचं नियोजन नेमकं कुठून सुरू करायचं, ते टप्प्याटप्प्यानं समजून घेऊ.

कायदा नक्की काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. कंपनीनं जी मूळ वैशिष्ट्यं दिली आहेत आणि जी आरसीवर नोंदली आहेत, त्यांच्याशी विसंगत बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं.

पण याच कलमात एक दरवाजा उघडा ठेवलेला आहे. सीएनजी, एलपीजी, सौरऊर्जा किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी 'कन्व्हर्जन किट' बसवता येतं. अट एवढीच, की ते केंद्र सरकारनं घालून दिलेल्या नियमांनुसार असलं पाहिजे.

हे नियम इलेक्ट्रिक किटसाठी २०१६ मध्ये आले. त्यातल्या तीन गोष्टी घरच्या घरी गाडी बदलू पाहणाऱ्यांसाठी निर्णायक आहेत.

पहिली गोष्ट, पूर्ण इलेक्ट्रिक करायची गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट, किटला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी हवी. अशा संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या दोन पुण्यात आहेत आणि व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. म्हणजे चाचणीची सोय महाराष्ट्रातच आहे. पण ही मंजुरी किट बनवणाऱ्या कंपनीला मिळते आणि ती ठरावीक प्रकारच्या गाड्यांसाठी असते. एका घरमालकानं आपल्या एका गाडीसाठी घ्यावी, अशी तिची रचना नाही.

तिसरी गोष्ट, किट बसवण्याचं काम किट कंपनीनं अधिकृत केलेल्या केंद्रातच व्हावं लागतं.

या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होतं. सुटे भाग ऑनलाइन मागवून अंगणात बसवलेली गाडी कितीही सफाईनं बनवली, तरी ती आपोआप रस्त्यासाठी कायदेशीर होत नाही.

आणि तरीही ती रस्त्यावर आणली तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. आरसीवर 'पेट्रोल' लिहिलंय आणि बॉनेटखाली मोटर आहे, अशा गाडीचा अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी. मग समोरच्याच्या नुकसानभरपाईचा बोजा थेट घरावर येतो.

तुमची गाडी कोणत्या गटात बसते?

इथे आरसीवरचं वर्ष कामी येतं. ढोबळमानानं तीन गट पडतात.

गट पहिला : १९९० आणि त्यानंतर बनलेल्या गाड्या. नव्वदच्या दशकातली पद्मिनी, ॲम्बेसेडर, मारुती ८०० यात येतात. वर्षाच्या अटीत त्या बसतात. पण त्या मॉडेलसाठी मंजूर किट बाजारात आहे का, हा पुढचा प्रश्न उरतोच. किट कंपन्यांना धंदा करायचा असतो, त्यामुळे रस्त्यावर ज्या गाड्या लाखोंनी आहेत त्यांच्याकडे त्या आधी वळतात. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्ट या कंपनीच्या कन्व्हर्जन किटची २०२१ मध्ये बरीच चर्चा झाली होती. तेव्हा त्यांनी निवडलेली गाडी होती मारुती डिझायर. कारण उघड आहे, टॅक्सीवाल्यांकडे ती भरपूर होती.

गट दुसरा : ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्या. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, प्रमाणपत्र १० वर्षांसाठी असतं आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते.

यातला कळीचा शब्द आहे 'मूळ स्वरूपातली'. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असेल, तर गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. म्हणजे १९७० ची फियाट इलेक्ट्रिक केली, तर तिची व्हिंटेज होण्याची वाटही बंद होते. आणि १९९० च्या अटीमुळे इलेक्ट्रिक म्हणूनही तिची नोंद होत नाही. दोन्हीकडून नुकसान.

गट तिसरा : मधल्या गाड्या. १९८९ पर्यंत बनलेल्या, पण अजून पन्नाशी न गाठलेल्या. समजा १९८२ ची पद्मिनी आहे. ती इलेक्ट्रिक किटसाठी खूप जुनी आणि व्हिंटेजसाठी अजून लहान. १९८२ मध्येच पहिली नोंदणी झाली असेल, तर २०३२ मध्ये ती पन्नाशी ओलांडेल. अशा गाडीचं मूळ इंजिन तोवर जपून ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

इथे एक बारीक फरक लक्षात ठेवावा. इलेक्ट्रिक किटसाठी गाडी बनल्याची तारीख बघतात, तर व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीची. डिसेंबर १९८९ मध्ये बनलेली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये नोंदलेली गाडी पहिल्या अटीत बसत नाही.

आरसीच सापडत नसेल तर?

वऱ्हाडातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांची खरी अडचण इंजिनाची नसून कागदाची असते. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, नूतनीकरण वर्षानुवर्षं झालेलं नाही. अमरावतीची गाडी एमएच-२७ आणि अकोल्याची एमएच-३० असं आज आपण सहज म्हणतो, पण फार जुन्या गाड्यांवर त्या आधीच्या पद्धतीचे क्रमांक असतात. हातानं लिहिलेल्या आरसी बुकाची नोंद कधी कधी 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत चढलेलीच नसते. ती आरटीओत जाऊन चढवून घ्यावी लागते.

त्यामुळे पहिला खर्च बॅटरीवर नाही, तर कागदांवर करायचा. वारसांच्या नावावर हस्तांतरण, नोंदणीचं नूतनीकरण, थकलेला पर्यावरण कर, विमा. १५ वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी नंतर ते आणखी वाढलं. चासी क्रमांक गाडीवर स्पष्ट वाचता येतो का, तेही आधीच बघून घ्यावं. गंजानं तो खाल्ला असेल, तर पुढची सगळी प्रक्रिया तिथेच अडते.

आणि कायदेशीर किट बसवलं, तरी काम संपत नाही. बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

समजा कागद जुळले. आता गाडीचा हिशोब

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनीच घेऊ, कारण ती खास महाराष्ट्राची गाडी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती देशभर ओळखली गेली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तिथल्या टॅक्सी सेवेतून तिनं निरोप घेतला.

तिचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर, म्हणजे ३० किलोवॅटच्या आसपास. गाडीचं वजन सुमारे ९०० किलो. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. आजच्या मानानं ही हलकी, साधी गाडी आहे. त्यामुळे अशी कामं करणाऱ्यांना ती सोयीची वाटते.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे जुना गिअरबॉक्स ठेवून इंजिनाच्या जागी मोटर बसवणं. दोघांमध्ये लेथवर बनवलेली एक जोडप्लेट लागते. तिचं मध्य जरा जरी चुकलं, तरी बेअरिंग आणि सील टिकत नाहीत. मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावते, पण जुना गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी बनलेले आहेत. म्हणून मोठी मोटर लावण्यात शहाणपण नाही, आणि कंट्रोलरमध्ये जोराची मर्यादाही घालावी लागते.

बंडी जुनी आणि बैल नवे ताकदीचे, असं झालं तर आधी मोडतो तो आस. इथेही तेच.

वजनकाट्यावर गाडी का न्यायची?

इंजिन उतरवण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी, अशी तीन वजनं लिहून ठेवावीत. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि टाकी उतरल्यावर पुन्हा तेच करावं.

याचं कारण बॅटरी. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण त्यात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीच उष्णतेत घालवतं, मोटर घालवत नाही. तरीही ९ युनिटची बॅटरी डब्यासकट बघता बघता ७० किलोच्या घरात जाते.

सगळी बॅटरी डिकीत टाकली, तर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून वजन पुढे-मागे वाटावं लागतं. आणि एकूण वजन, प्रवाशांसकट, गाडीच्या कागदावरच्या मर्यादेत राहिलं पाहिजे. चार माणसांच्या गाडीत बॅटरीमुळे दोनच माणसं बसणार असतील, तर ते आधीच कळलेलं बरं.

ब्रेकचंही तसंच. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नवी मोटर लावण्याआधी ब्रेकचे लायनर, सिलिंडर, पाइप, सस्पेन्शनचे बुश आणि तळाचा पत्रा ठीक झालेला असला पाहिजे. तळाला गंज असेल, तर बॅटरीचा डबा कशाला बोल्ट करणार?

अमरावतीहून निघालेली गाडी अकोल्याला पोचेल का?

रेंजचा हिशोब फार अवघड नाही. आपल्या घरच्या वीजबिलात असतं तेच युनिट इथेही वापरायचं.

पद्मिनीच्या आकाराची गाडी मध्यम वेगानं चालवली, तर किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट खर्च धरता येतो. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळे ८५ टक्केच वापरायची असं धरू.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. १०० अँपिअर-तासांचे ४५ सेल एकापुढे एक जोडले, की १४४ व्होल्टची आणि १४.४ युनिटची बॅटरी होते. वापरता येतील १२ युनिट. म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. अमरावती ते अकोला अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. ही गाडी मूर्तिजापूर ओलांडेल, पण अकोला गाठणार नाही.

तेच ४५ सेल १५० अँपिअर-तासांचे घेतले, तर बॅटरी २१.६ युनिटची होते. वापरता येतील १८ युनिटच्या थोडं वर. म्हणजे १२० किलोमीटर. आता अकोला येतं, पण परत यायला तिथे चार्जिंग करावंच लागेल.

यात दोन गोष्टी हिशोब बिघडवतात. एक म्हणजे वेग. हाच अमरावती-अकोला महामार्ग जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला होता, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं म्हणून. रस्ता चांगला झाला की गाड्यांचा वेग वाढतो. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि जुन्या गाड्यांचा चौकोनी आकार त्यात भर घालतो. ६० ऐवजी ८० च्या वेगानं गेलं, तर रेंज चांगलीच घटते.

दुसरी गोष्ट एसी. पद्मिनीच्या काळात एसी ही चैन होती, पण मे महिन्यात वऱ्हाडात एसीशिवाय गाडी चालवायला आज कोण तयार होईल? विजेवरच्या एसीला तासाला साधारण १ युनिट धरलं, तर दोन तासांच्या प्रवासात १३ किलोमीटरची रेंज त्यातच जाते.

आणि चिखलदऱ्याची सहल? अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, चिखलदरा १,१०० मीटरवर. तीन माणसांसकट १,२०० किलोची गाडी ७६० मीटर वर चढवायला फक्त उंचीपोटी अडीच युनिट लागतात. मोटर आणि गिअरबॉक्समधलं नुकसान धरून तीन. अंतराचा खर्च वेगळा. मोठ्या बॅटरीवर गाडी वर पोचेल, पण शिल्लक फार राहणार नाही. उतरताना मोटर थोडी वीज परत भरते, तो एक दिलासा.

वऱ्हाडाचं ऊन आणि बॅटरी

अकोला-अमरावतीचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपार जाणं नवं नाही. बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तापमान त्याहून कितीतरी वर जातं. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि ठरावीक तापमानाच्या वर ती चार्ज करू नये, असं सेलच्या पत्रकात लिहिलेलं असतं.

यावर उपाय आहेत. एलएफपी सेल वजनाला थोडे जास्त, पण उष्णतेत इतर लिथियम सेलपेक्षा जास्त स्थिर असतात. डब्याला हवा खेळती हवी. दुपारी प्रवास करून आलं की लगेच चार्जिंगला न लावता रात्री लावावं. आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज व डब्याचं तापमान बघणारी बीएमएस ही यंत्रणा चांगल्या दर्जाचीच हवी. पैसे वाचवायचे तर सीट कव्हरमध्ये वाचवावेत, बीएमएसमध्ये नाही.

घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३ किलोवॅटचा चार्जर चालतो. मोठी बॅटरी भरायला सात-आठ तास लागतात. पण सात-आठ तास सलग ३ किलोवॅट ओढणं म्हणजे इस्त्री चालवणं नव्हे. वेगळी वायर, वेगळा एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि महावितरणकडे मंजूर भार पुरेसा आहे का, हे बघावं लागतं. अर्थिंग तपासणं तर आवश्यकच. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि पाणी न घातलेल्या खड्ड्यातलं अर्थिंग नेमकं तेव्हाच कमजोर पडतं.

घरच्या घरी कोणतं काम करू नये?

घरची वीज २३० व्होल्टची असते, मग १४४ व्होल्टला काय घाबरायचं, असं बोललं जातं. ही समजूत जीवघेणी ठरू शकते. बॅटरीचा प्रवाह डीसी असतो. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानला जातो. डीसीची ठिणगी पडली, की ती एसीसारखी सहज विझत नाही. आणि बॅटरीला मेन स्विच बंद करून मृत करता येत नाही. सेलच्या दोन टोकांवर चुकून पाना पडला, तर तो वितळेपर्यंत करंट वाहतो.

म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवावी. गंज काढणं, पत्राकाम, ब्रेक, सस्पेन्शन, रंग, सीट, आतली साधी १२ व्होल्टची वायरिंग ही कामं घरी किंवा ओळखीच्या मेकॅनिककडे होऊ शकतात. बॅटरी पॅक जोडणं, मुख्य केबल, फ्यूज, काँटॅक्टर आणि चार्जर ही कामं प्रशिक्षित माणसाचीच.

यातून पैसे वाचतात का?

एक साधा हिशोब. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी १२ चं ॲव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरला पावणेनऊ रुपये पडतात. वीज १० रुपये युनिट धरली आणि चार्जिंगमधलं नुकसान मोजलं, तरी किलोमीटरला पावणेदोन रुपये. म्हणजे किलोमीटरमागे सात रुपयांची बचत.

पण हौसेची जुनी गाडी वर्षाला किती चालते? २,००० किलोमीटर धरले, तर वर्षाची बचत १४,००० रुपये. बदलाचा खर्च समजा ५ लाख आला, तर तो वसूल व्हायला पस्तीस वर्षं लागतील. तोवर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल.

थोडक्यात, रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीसाठी हे गणित जुळू शकतं. अंगणातल्या फियाटसाठी ते जुळत नाही. तिथे कारण हौस किंवा माया असू शकतं, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त घरच्यांना 'पेट्रोलचे पैसे वाचतील' असं सांगून पटवू नये.

जगात काय चाललंय?

मे २०१८ मध्ये ब्रिटनच्या प्रिन्स हॅरीच्या लग्नात नवरा-नवरी इलेक्ट्रिक केलेल्या जुन्या जॅग्वार ई-टाइपमधून निघाले आणि हा विषय जगभर पोचला. २०१९ मध्ये फोक्सवॅगननं जुन्या बीटलमध्ये आपल्या छोट्या इलेक्ट्रिक कारचे भाग बसवून दाखवले. फ्रान्सनं २०२० मध्ये जुन्या गाड्या इलेक्ट्रिक करण्याचे नियम केले. आपल्याकडे दिल्ली सरकारनं २०२१ मध्ये दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांना मान्यताप्राप्त किटचा पर्याय दिला.

पण याच काळात ऐतिहासिक गाड्यांच्या 'फिवा' या जागतिक महासंघानं वेगळी भूमिका घेतली. इंजिन काढलेली गाडी ऐतिहासिक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना तरीही बदल करायचा आहे, त्यांनी तो उलट फिरवता येईल असाच करावा आणि काढलेले सगळे मूळ भाग जपून ठेवावेत, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला वऱ्हाडातल्या गाडीलाही लागू पडतो. चासी कापू नये, नवी भोकं पाडू नयेत, मोटर आणि बॅटरी जुन्याच माउंटिंगवर बसतील अशी चौकट बनवावी. इंजिन भंगारात न देता तेल भरून, झाकून ठेवावं. पुढच्या पिढीला ते परत बसवावंसं वाटलं, तर वाट मोकळी राहते.

मग ठरवायचं कसं?

क्रम असा ठेवता येईल.

१. आरसीवर गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख बघा.

२. गाडी १९९० च्या आधीची असेल, तर इलेक्ट्रिकचा विचार रस्त्यापुरता सोडा. मूळ इंजिन दुरुस्त करा आणि ५० वर्षं झाली असतील तर व्हिंटेज नोंदणीकडे वळा.

३. गाडी १९९० नंतरची असेल, तर तुमच्याच मॉडेलसाठी मंजूर किट आहे का, हे किट कंपनीला विचारा आणि मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं उत्तर आलं, तर तिथूनच परत फिरा.

४. तेच प्रमाणपत्र घेऊन आपल्या आरटीओत जा. आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारा. विमा कंपनीलाही विचारा.

५. मग वजनकाटा, ब्रेक, तळाचा पत्रा. बॅटरीची ऑर्डर सगळ्यात शेवटी. बॅटरी नुसती पडून राहिली तरी तिचं वय वाढतच असतं.

शिकण्यासाठी गाडी बनवायची असेल, तर आणखी एक रस्ता आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा आयटीआयच्या बंद आवारात, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली असा प्रकल्प करता येतो. भंगारातली चासी वापरली, तर घरातली चांगली गाडीही वाचते. मात्र ती गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणि जिथे लोकांची ये-जा आहे अशी कॉलनीतली जागाही कायद्याच्या नजरेत सार्वजनिकच ठरू शकते, हे विसरायचं नाही.

रीलमध्ये इंजिन उतरवायला दहा सेकंद लागतात. उतरवलेल्या इंजिनाचं पुढे काय करायचं आणि त्या गाडीची आरसी कुठल्या गटात बसते, हे रील सांगत नाही. आरसी शोधून काढणं मात्र आजच, फुकटात करता येण्यासारखं काम आहे.